हँक गॅदर्स : कोर्टवर कोसळलेला २३ वर्षांचा खेळाडू

हँक गॅदर्सचा जन्म ११ फेब्रुवारी १९६७ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. शहराच्या उत्तर भागात, सरकारी घरांच्या गरीब वसाहतीत तो वाढला. शाळेत असताना त्याची बो किंबल या मुलाशी गट्टी जमली. दोघे बास्केटबॉलच्या एकाच संघात खेळले, कॉलेजसाठी लॉस एंजेलिसला एकत्र गेले आणि पहिले विद्यापीठ सोडून लोयोला मेरीमाउंट विद्यापीठातही एकत्रच दाखल झाले.

तिथले प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांची खेळण्याची पद्धत दम काढणारी होती. चेंडू हातात आला की काही सेकंदांत बास्केटवर मारायचा आणि पुन्हा धावायचे. या धावपळीत हँक सगळ्यांच्या पुढे असे. १९८८-८९ च्या हंगामात सर्वाधिक गुण आणि सर्वाधिक रिबाउंड, दोन्हींत तो देशातील कॉलेज खेळाडूंमध्ये पहिला आला. असा विक्रम त्याच्याआधी एकाच खेळाडूने केला होता. व्यावसायिक संघात निवड झाली की घरची गरिबी संपणार, हे सगळ्यांनाच दिसत होते.

९ डिसेंबर १९८९ रोजी सामना सुरू असताना, फ्री थ्रो घेण्यासाठी उभा असलेला हँक अचानक खाली कोसळला. थोड्या वेळाने तो उठला, स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेला.

इथे थोडे थांबू या. उन्हाने किंवा उपाशीपोटी चक्कर येणे वेगळे आणि खेळताना शुद्ध हरपणे वेगळे. व्यायाम चालू असताना एखादा मुलगा बेशुद्ध पडला, तर तपासणी होईपर्यंत ते हृदयाचेच लक्षण समजावे. ग्लुकोजचे पाणी पाजून त्याला पुन्हा मैदानात पाठवू नये. हँकच्या बाबतीत ही चूक झाली नाही. त्याच्या तपासण्या झाल्या, हृदयाचे ठोके अनियमित पडतात हे कळले आणि प्रोप्रॅनोलॉल हे औषध सुरू झाले. आपल्याकडे अनेकांना हेच औषध मायग्रेनसाठी दिले जाते. ते हृदयाची गती आवरते, पण त्यामुळेच जोरात धावणाऱ्याला अंग जड वाटते, लवकर थकवा येतो.

काही आठवड्यांतच हँक पुन्हा खेळू लागला. औषधामुळे आपला खेळ मंदावतो अशी त्याची तक्रार होती आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. मला या साऱ्या हकिगतीत सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. गोळीने सुस्ती येते म्हणून मात्रा कमी करून मागणारे किंवा परस्पर अर्धी गोळी घेणारे रुग्ण रोज भेटतात. त्यांची तक्रार खोटी नसते. पण अशा वेळी गोळी कमी करता येईल का, याच्या आधीचा प्रश्न असा असतो की ही गोळी लागणाऱ्या हृदयाने हा खेळ खेळावा का. ज्याचे सारे भविष्य खेळावर अवलंबून आहे, त्याच्यापुढे हा प्रश्न ठेवणे डॉक्टरलाही जड जाते.

४ मार्च १९९० रोजी विद्यापीठाच्याच जिममध्ये पोर्टलँडविरुद्ध उपांत्य सामना होता. हँकने उंच उडी मारून चेंडू बास्केटमध्ये घातला, वळला आणि काही क्षणांत कोसळला. त्याने उठण्याचा प्रयत्न केला, अंगाला झटके आले. डिसेंबरमधल्या प्रसंगानंतर विद्यापीठाने हृदयाला विजेचा शॉक देणारे यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर, आणून ठेवले होते. तरीही हँकला आधी स्ट्रेचरवरून जिमच्या बाहेर नेण्यात आले आणि शॉक बाहेर देण्यात आला. त्याच संध्याकाळी रुग्णालयात त्याला मृत घोषित केले. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा आजार, म्हणजे कार्डिओमायोपॅथी, आढळला. शॉकला झालेल्या उशिरावरून आणि कमी केलेल्या मात्रेवरून पुढे कोर्टकचेरीही झाली.

कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. अशा वेळी सीपीआर मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून रुग्णाला यंत्राकडे न्यायचे नसते, यंत्र रुग्णाकडे आणायचे असते. झटके दिसले की लोकांना फिट वाटते आणि कोणीतरी कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावतो. खेळता खेळता पडलेला मुलगा हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर झटके किंवा अधूनमधून आचके दिसले तरी कार्डिअ‍ॅक अरेस्ट समजूनच मदत सुरू करा. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने एईडी यंत्र आणायला पळावे, तिसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यावा. तुमचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजच्या संघात असेल, तर ही तीन कामे कोणाची आणि यंत्र कुठे ठेवले आहे, हे प्रशिक्षकांना हंगाम सुरू होण्याआधी विचारा. यंत्र कुलूपबंद खोलीत असेल तर किल्ली कोणाकडे, हेही विचारा. घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

हँकच्या मृत्यूनंतर ती स्पर्धा रद्द झाली आणि लोयोला मेरीमाउंटचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. हँक उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो जमत नाहीत म्हणून तो ते डाव्या हाताने मारू लागला होता. त्याच्या आठवणीसाठी बो किंबलने प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने मारला आणि प्रत्येक वेळी चेंडू आत गेला. गतविजेत्या मिशिगनला हरवून संघ शेवटच्या आठांत पोहोचला. हँकच्या जर्सीचा क्रमांक ४४ होता. तोच आकडा नावात घेऊन किंबलने पुढे एक संस्था काढली. लोकांना सीपीआर शिकवणे आणि ठिकठिकाणी डिफिब्रिलेटर उपलब्ध करून देणे, हे तिचे काम.