विक्रम साराभाई : अवकाशातून खेड्याकडे

डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव घेतले की डोळ्यांपुढे अग्निबाण उभा राहतो. परंतु ते मूळचे विश्वकिरणांचे अभ्यासक होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध पेटले. ते मायदेशी परतले आणि बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी केली. वय अवघे अठ्ठावीस! घरचा पैसा होता हे खरे; पण पैसेवाले पुष्कळ असतात, प्रयोगशाळा काढणारे किती?

त्यांच्या जीवनातील मला सर्वांत भावलेले पर्व म्हणजे थुंबा. केरळातील या कोळ्यांच्या गावाजवळून पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त जाते. तेथील वातावरणाच्या वरच्या थरांतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचे कुतूहल साऱ्या जगाच्या शास्त्रज्ञांना होते. आपल्याजवळ अग्निबाण नव्हता, पण जागा होती! साराभाईंनी नेमके हे हेरले. अग्निबाण अमेरिकेने दिला, त्यावरील उपकरणे फ्रान्सची, आणि रशियानेही मदतीचा हात पुढे केला. शीतयुद्धाच्या काळात एकमेकांकडे डोळे वटारून पाहणारी राष्ट्रे एका चर्चच्या आवारात एकत्र आली. त्या चर्चमध्येच कार्यालय थाटले होते. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. २१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी पहिला अग्निबाण सुटला. या कामात कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस त्यांचे निकटचे सहकारी होते. पुढे पुण्याचे वसंत गोवारीकरही थुंब्याला आले.

१९६८ साली व्हिएन्नात अवकाशाच्या शांततामय उपयोगावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिचे वैज्ञानिक अध्यक्षपद साराभाईंकडे होते. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेतील पीटर ग्लेसर यांनी अवकाशात सूर्याची ऊर्जा गोळा करून ती सूक्ष्मलहरींच्या रूपाने पृथ्वीवर पाठविण्याची कल्पना मांडली. तेथे ढग नाहीत, रात्रही जवळजवळ नाही.

भुकेल्या देशाला अवकाशाचे सोंग कशाला, असे त्या काळी अनेक जण विचारीत. प्रश्न चुकीचा नव्हता. साराभाईंची भूमिका अशी होती की, चंद्रावर जाण्यात धनाढ्य राष्ट्रांशी शर्यत लावायची नाही. विज्ञान खेड्यातल्या माणसाच्या कामी आणायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. रब्बीत पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की वडील कंदील घेऊन पाणी द्यायला निघतात. त्यामुळे हा वाद मला पुस्तकी वाटत नाही.

१९६९ साली उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचा करार अमेरिकेच्या नासाशी झाला. त्याचे फळ पाहायला साराभाई राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय बावन्न. १९७५-७६ साली सूर्यप्रकाशावर चालणारा अमेरिकन उपग्रह वर्षभर भारतासाठी राबला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेतीचे व शिक्षणाचे कार्यक्रम दिसू लागले. शेजारच्या कर्नाटकात गुलबर्ग्यापर्यंत ते आले. मराठवाडा मात्र कोरडाच राहिला. तेव्हा लातूर जिल्हाही झाला नव्हता.

थुंब्याला साराभाईंच्या छायेत घडलेल्या डॉ. अब्दुल कलामांनी २०१० साली ग्लेसरांची ती कल्पना पुन्हा उचलली आणि अमेरिकेतील नॅशनल स्पेस सोसायटीसह अवकाशातील सौरविजेसाठी संयुक्त प्रयत्नांची हाक दिली. २०२३ साली अमेरिकेतील कॅलटेक संस्थेने कक्षेत बिनतारी ऊर्जा पाठवून दाखविली. त्याच वर्षी २३ ऑगस्टला साराभाईंचे नाव धारण करणारे विक्रम यान चंद्रावर उतरले. ते सौर पट्ट्यांवर चालत होते. चंद्रावर रात्र झाली आणि ते झोपले. सूर्य उगवल्यावर पुष्कळ हाका मारल्या, पण ते जागे झाले नाही.