फारुख बलसारा, सेंट पीटर्स, पाचगणी

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नेरूळला आले तेव्हा करावे गावातल्या आमच्या होस्टेलमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्यापासून तीन-चार किलोमीटरवर. १८, १९ आणि २१ तारखेला शो. आणि तिकीट मिळालेला आमच्या मजल्यावर एकही प्राणी नाही! त्यामुळे वाद घालायला वेळच वेळ होता. एका पार्टीचं म्हणणं, पहिल्या दोन-तीन अल्बमनंतर या लोकांत काही राहिलेलं नाही, आता नुसते लाइट, फुगे आणि मनगटावर चमकणारे पट्टे. दुसरी पार्टी विचारायची की मग एवढी माणसं जातात ती काय वेडी आहेत का. त्यात ख्रिस मार्टिनने बारा अल्बमनंतर थांबणार असं आधीच सांगून ठेवलेलं, आणि २०२४ मध्ये दहावा येऊन गेलेला. म्हणजे शिल्लक दोन. ते दोन कसे निघतील यावर गच्चीवर रात्री दीड वाजेपर्यंत ओरल चालायची. मी पहिल्या पार्टीत होतो आणि घसा ताणून होतो. हा बँड संपला, लिहून घ्या, हे वाक्य माझंच.

तेवढ्यात फायनल इयरच्या एका सिनियरने मला विचारलं की तू वाईचा ना, मग तुला फारुख बलसारा माहीत असेलच. मला वाटलं पाचगणीतल्या एखाद्या बेकरीचा मालक असणार. मी नाही म्हटल्यावर सगळी गच्ची हसली.

मित्रांनो, वाईहून पसरणीचा घाट चढला की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी. लहानपणापासून किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. टेबललँड, घोडे, स्ट्रॉबेरी क्रीम सगळं पाठ. पण तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी आठ-एक वर्षं राहून शिकला, हे मला कळलं ते करावे गावातल्या गच्चीवर! मग सबमिशन बाजूला ठेवून जे मिळेल ते वाचून काढलं. त्यातलं थोडं इथे सांगतो. सगळं सांगायचं तर मासिकाचा मराठी विभाग पुरणार नाही.

फारुख जन्मला ५ सप्टेंबर १९४६ ला, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. घर पारशी. आडनाव आलं गुजरातमधल्या बलसारवरून, म्हणजे आजचं वलसाड. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, कोर्टात कॅशियर. आईचं नाव जेर. पोरगा आठ वर्षांचा झाला तसा त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला धाडला. आपण नवी मुंबईत येऊन पहिल्या आठवड्यात घरी फोन करून रडतो (नावं सांगत नाही). हा आठ वर्षांचा, आणि मध्ये अख्खा समुद्र. सुट्टीत पोरं घरी जायची तेव्हा हा बऱ्याचदा मुंबईतल्या नातेवाइकांकडे.

दात पुढे आलेले म्हणून पोरं चिडवायची. वरच्या जबड्यात त्याला चार दात जास्त होते. पुढे एवढा पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत, कारण त्या जादा जागेमुळेच आपला आवाज असा आहे आणि दात काढले तर तो जाईल, अशी त्याला धास्ती होती. शाळेत टेबल टेनिस आणि बॉक्सिंगमध्ये तो चांगला होता. पण खरी गोष्ट पियानोची. शाळेतल्या लोकांनी त्याचा हात बघून घरी कळवलं, वडिलांनी वेगळी फी भरली आणि शिकवणी लागली. ऐकलेली चाल तो लगेच वाजवून दाखवायचा. बाराव्या वर्षाच्या आसपास चार वर्गमित्रांबरोबर त्याने बँड काढला, नाव द हेक्टिक्स. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची. गंमत म्हणजे त्या बँडमध्ये मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फारुख मागे पियानोवर! तेव्हा आमच्यासारखी एखादी गच्ची तिथे असती तर या दातवाल्याचं गाण्यात काही खरं नाही, असंच ठरलं असतं.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला, मारामाऱ्या झाल्या, हजारो अरब आणि भारतीय वंशाची माणसं मेली किंवा देशोधडीला लागली. बलसारा कुटुंब हाताला लागेल ते घेऊन इंग्लंडला आलं आणि लंडनच्या कडेला फेल्टममध्ये एका छोट्या घरात राहू लागलं. फारुख तेव्हा सतरा वर्षांचा. पुढे ईलिंगच्या आर्ट कॉलेजमध्ये ग्राफिक डिझाइन शिकला. मधल्या काळात हीथ्रो विमानतळावर सामानाची हमाली केली, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. स्टॉलवरचा पार्टनर होता रॉजर टेलर, म्हणजे क्वीनचा पुढचा ड्रमर.

इथून पुढचा भाग आपल्या कॉलेजने नीट वाचावा. कारण हा बँड म्हणजे जवळजवळ सायन्सच्या पोरांचा ग्रुप होता. गिटारवाला ब्रायन मे इंपीरियल कॉलेजात फिजिक्सला. गिटार घ्यायला पैसे नाहीत म्हणून त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, दांड्याला लाकूड वापरलं जुन्या शेकोटीच्या वरच्या फळीचं. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. पीएच.डी. अर्धवट सोडून बँडमध्ये गेला आणि २००७ मध्ये, म्हणजे तीसेक वर्षांनी, ती पुरी केली. (ए.टी.के.टी. वाल्यांनी धीर धरावा.) रॉजर टेलर डेंटिस्ट व्हायला आला होता, नंतर बायॉलॉजीकडे वळला. १९७१ मध्ये आलेला बेस गिटारवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा, फर्स्ट क्लासचा. त्याने लंडनच्या रस्त्यावर कचऱ्यात टाकलेला एक सर्किट बोर्ड उचलला, एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. त्या जुगाडू ॲम्प्लिफायरवर ब्रायन मेने गिटारमधून अख्ख्या ब्रासबँडचा आवाज काढला, आणि तो त्यांच्या रेकॉर्डवर आहे.

या तिघांत आर्ट्सचा एकटा फ्रेडी. बँडचं क्वीन हे नाव त्याचं, आणि बँडचं चिन्हही त्यानेच काढलं. चौघांच्या राशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या. मर्क्युरी हे आडनाव त्याने त्याच सुमारास घेतलं. बलसारा मागे पडलं. आपण कुठून आलो याबद्दल तो पुढे फारसा बोलला नाही. काहींना याचा राग येतो, मला येत नाही. सत्तरच्या दशकातल्या लंडनमध्ये आशियाई पोराला रॉक गायक म्हणून उभं राहायचं होतं, तिथे त्याला काय काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज आपण करूच शकतो.

पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. फारसा चालला नाही, आणि विलायतेतल्या संगीताच्या पेपरांनी या लोकांना बरीच वर्षं टिंगलीचा विषय केला. सगळ्यांचं मत एकच, हा नुसता दिखावा आहे, यात दम नाही. १९७४ मध्ये किलर क्वीन दुसऱ्या नंबरवर गेलं. १९७५ मध्ये फ्रेडीने बोहेमियन ऱ्हाप्सडी आणलं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. गाण्याला ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा. एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, असं रेकॉर्ड कंपनीचं मत होतं. तेव्हा टेपवर चोवीस ट्रॅक असायचे. तिघं जण तासन् तास गाऊन ते भरायचे, मग भरलेले ट्रॅक एकत्र करून एक-दोनवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं. हे इतक्या वेळा केलं की टेपवरचा थर झिजून ती उजेडात आरपार दिसायला लागली. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओवाल्या दोस्ताने आपल्या कार्यक्रमात गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं, लोक दुकानात जाऊन मागायला लागले, आणि इंग्लंडमध्ये ते नऊ आठवडे एक नंबरवर राहिलं.

वाद मिटला? छे! दोन वर्षांत पंक आलं आणि असली नटवी गाणी आता संपली असं जाहीर झालं. यांनी १९७७ मध्ये उत्तर दिलं ते वी विल रॉक यू. त्यात ड्रम नाहीतच. फळ्यांवर आपटलेले पाय आणि टाळ्या. मोजक्या माणसांचा आवाज हजारोंचा वाटावा म्हणून ब्रायन मेने तोच आवाज थोड्या थोड्या उशिराने परत परत मिसळला, आणि प्रतिध्वनी जाणवू नये म्हणून ती अंतरं मूळ संख्यांच्या हिशेबाने ठेवली. आपल्या गॅदरिंगला बाकं बडवणाऱ्या पब्लिकला ठेका हाच, फक्त त्यामागचं गणित माहीत नसतं.

पण एकदा चाहतेच उलटले, आणि तेव्हाचा वाद मला आमच्या गच्चीवरच्या वादासारखाच वाटतो. सुरुवातीच्या अल्बमवर हे लोक अभिमानाने छापायचे की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. १९८० मध्ये तो आणला. त्याच वर्षी डीकनचं नाचायच्या ठेक्याचं अनदर वन बाइट्स द डस्ट अमेरिकेत एक नंबरला गेलं. मग १९८२ मध्ये हॉट स्पेस, जवळजवळ अख्खा डिस्को. जुने चाहते भडकले. फ्रेडीने मिशा ठेवल्या यावरूनसुद्धा नाराजी झाली होती! १९८२ नंतर फ्रेडीबरोबर क्वीन अमेरिकेत परत वाजलीच नाही. १९८४ मध्ये तर वर्णभेदवाल्या दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत जाऊन कार्यक्रम केले. त्याबद्दल दंड झाला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. हे मात्र मला पचत नाही. जो माणूस स्वतः घर सोडून पळाला होता त्याला हे कळायला हवं होतं. टॅलेंटच्या नावावर सगळंच माफ करणाऱ्यांतला मी नाही.

१९८५ मध्ये फ्रेडीचा एकट्याचा अल्बम आला आणि बँड फुटणार अशी बोलणी सुरू झाली. २०१८ चा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लॅपटॉपवर पाहिलाय. त्यात बँड फुटलेला असतो आणि लाइव्ह एडच्या आधीच फ्रेडी आपला आजार मित्रांना सांगतो. दोन्ही खोटं. बँड त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत कार्यक्रम करत होता, आणि आजाराचं निदान झालं १९८७ मध्ये. खरं एवढंच की १३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीच्या स्टेजवर जो बँड चढला त्याचे दिवस भरलेत असं पुष्कळांना वाटत होतं. मिळाली वीस-एकवीस मिनिटं. समोर सत्तर हजारांवर पब्लिक, तेही फक्त क्वीनचं नव्हे. फ्रेडीने नुसता आवाज लांबवला आणि सगळ्या मैदानाने तो परत दिला. त्याचं रेकॉर्डिंग आम्ही रात्री कॉमन रूममध्ये पाहिलं तेव्हा दोन्ही पार्ट्या गप्प होत्या.

पुढचं वाचताना मला जड गेलं. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थमध्ये त्याचा बँडबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी एड्सचं कळलं. तेव्हा त्यावर धड औषध नव्हतं. त्याने अगदी जवळच्यांनाच सांगितलं. त्याचं प्रेम पुरुषांवर होतं, यावरून पेपरवाले आधीच मागे लागलेले, आता खंगलेल्या चेहऱ्याचे फोटो छापायला लागले. क्वीन दौरे का करत नाही, आळशी झाली का, संपली का, अशी चर्चा बाहेर चालू होती. आत हा माणूस रेकॉर्डिंग करत होता. मोन्सेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबर एक अल्बम, क्वीनचे आणखी दोन. १९८९ च्या अल्बमपासून चौघांनी ठरवलं की गाणं कुणीही लिहो, नाव बँडचं लागेल. श्रेय आणि पैसे यांवरून वर्षानुवर्षं भांडणारी माणसं ती.

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंत्रो गावातल्या स्टुडिओत त्याला उभं राहणंही कठीण जात होतं. मित्र तुकड्या-तुकड्याने ओळी लिहून द्यायचे आणि हा गायचा, म्हणजे पुढे त्यांना काहीतरी पुरं करता यावं. मदर लव्ह नावाच्या गाण्याचं शेवटचं कडवं उरलं. ते नंतर गाऊ असं ठरलं, आणि ते राहिलं ते राहिलंच. रेकॉर्डवर ते कडवं ब्रायन मेच्या आवाजात आहे. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला, २४ तारखेला संध्याकाळी गेला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला, आईवडील तेव्हा हयात होते. अस्थी कुठे आहेत ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आणि वाद? तो अजून चालू आहे. डीकन १९९७ नंतर बाजूला झाला. मे आणि टेलर आधी पॉल रॉजर्सला घेऊन फिरले, मग ॲडम लॅम्बर्टला. याला क्वीन म्हणायचं का, यावर जुने चाहते भांडतातच. माझं मत विचाराल तर म्हणू नये, पण ऐकायला जावं.

दिवाळीच्या सुट्टीत वाईहून मुद्दाम घाट चढून गेलो. शाळेच्या बाहेर गाडी लावून थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा रूममेटने विचारलं की लाइव्ह एडनंतर त्या संपलेल्या बँडने किती अल्बम काढले. तीन, फ्रेडी असताना. आणि चौथा १९९५ मध्ये, तो गेल्यावर, त्याच्याच आवाजात. त्याने हेडफोन मागितला. मी दिला.