जॉन बेल: आइनस्टाइनची शंका प्रयोगशाळेपर्यंत नेणारा शास्त्रज्ञ

जॉन स्टुअर्ट बेल यांचा जन्म २८ जुलै १९२८ रोजी बेलफास्टमध्ये, बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी ते तिथल्या क्वीन्स विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले आणि वर्षभराने तिथेच विद्यार्थी झाले. १९६० मध्ये पत्नी मेरी यांच्यासह ते जिनिव्हाच्या सर्न संस्थेत गेले. दोघेही भौतिकशास्त्रज्ञ. नोकरीतलं काम मूलकण आणि कणत्वरकांचं. क्वांटम सिद्धांताचा पाया हा बेल यांचा आवडीचा विषय.

१९३५ मध्ये आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी एक शंका मांडली होती. एकमेकांत गुंतलेले दोन कण कितीही दूर नेले तरी त्यांच्या मोजमापांची उत्तरं जुळतात. कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचत नसेल, तर ही उत्तरं कणांमध्ये आधीच ठरलेली असणार. म्हणजे क्वांटम सिद्धांत अपुरा आहे.

१९६४ मध्ये बेल यांनी या शंकेची कसोटी शोधली. उत्तरं आधीच ठरलेली असतील आणि एका टोकाचं मोजमाप दुसऱ्यावर परिणाम करत नसेल, तर जुळणीला एक ठरावीक मर्यादा पडते. क्वांटम सिद्धांतानुसार मात्र ती ओलांडली जाते. १९७२ मध्ये क्लाउझर व फ्रीडमन यांच्या आणि १९८२ मध्ये अस्पे यांच्या प्रयोगांत ती खरोखरच ओलांडली गेली.

मग विशेष सापेक्षता मोडली का? नाही. प्रत्येक टोकाला मिळणारी उत्तरं नाणेफेकीसारखी यादृच्छिक असतात. पलीकडे काय मोजलं, याचा त्यांवरून पत्ता लागत नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच जुळणी दिसते आणि यादी पाठवायला प्रकाशाच्या वेगाची मर्यादा आहेच. म्हणून एंटँगलमेंटमधून संदेश पाठवता येत नाही.

एवढ्याने बेल यांचं समाधान झालं नाही. संदेश पाठवता येणं ही माणसाच्या सोयीची कल्पना आहे. निसर्गाचा मूलभूत नियम त्यावर कसा उभा राहील, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सतावत होता.

१ ऑक्टोबर १९९० रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांचं निधन झालं. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळालं, ते बेल यांनी दिलेली कसोटी पार पाडल्याबद्दल. बेल यांचा प्रश्न मात्र आजही खुला आहे.