मिशा असलेली आई

आई म्हटली, की पदराने मुलाचे तोंड पुसणारी, त्याला जवळ घेऊन गोष्ट सांगणारी माउली आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु गुजरातेत एक अशी आई होऊन गेली, की जिला चांगल्या झुपकेदार मिशा होत्या! या आईने कितीतरी मुलांना गोष्टी सांगितल्या, त्यांची गाऱ्हाणी ऐकली, त्यांच्याबरोबर गाणी म्हटली आणि त्यांच्या अंगावर कोणी हात उगारू नये म्हणून आपले उभे आयुष्य वेचले. लोक तिला प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणत. मूछाळी मा म्हणजे मिशा असलेली आई. ही आई म्हणजे भावनगरचे थोर बालशिक्षक गिजुभाई बधेका होत. एका वकिलाला हे आईपण कसे लाभले, त्याची कथा मोठी बोधप्रद आहे.

गिजुभाईंचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी त्यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण वळा, म्हणजे आजचे वल्लभीपूर, येथे गेले. पुढे शिक्षणासाठी ते भावनगरला आले. संसाराचा भार अंगावर पडल्यामुळे १९०७ साली पोटापाण्यासाठी त्यांनी समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठली. तेथून परतल्यावर मुंबईस राहून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिलीस प्रारंभ केला. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ आणि कष्टाची सवय अंगी मुरलेली. त्यामुळे व्यवसायात त्यांचा जम बसू लागला. असेच चालले असते, तर एक यशस्वी वकील म्हणून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते.

परंतु १९१३ साली त्यांच्या घरी पाळणा हलला. मुलाचे नाव नरेंद्र ठेवले. या तान्ह्या बाळाने वकीलसाहेबांना एका निराळ्याच प्रश्नात गुंतवले. आपल्या मुलाला कसे वाढवावे? तो शिकण्याजोगा झाला, म्हणजे त्याला कोणत्या शाळेत घालावे?

आज आपणांस हा प्रश्न सोपा वाटेल. त्या काळी तो तसा नव्हता. शाळा म्हणजे पाठांतर आणि छडी, असेच समीकरण बहुतेक ठिकाणी रूढ होते. मार खाल्ल्यावाचून विद्या येत नाही, अशी गुरुजींची समजूत. आणि ती मुलाच्या आईबापांसही मान्य. घरीही फारसे वेगळे चित्र नसे. मूल जेवेना, तर त्याला बागुलबुवाची भीती दाखवावी. रडू लागले, तर दटावून गप्प करावे. काही विचारू लागले, तर मोठ्यांच्या मध्ये बोलू नको असे बजावावे. आईबापांचे मुलांवर प्रेम नव्हते असे नाही. मुलासाठी ती पोटाला चिमटा घेत, त्याच्या आजारपणात रात्ररात्र जागत. परंतु प्रेम असूनही मूल भीतीच्या छायेत वाढत असे. कारण मुलालाही मन असते, मान असतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती. आपल्या नरेंद्राला या छायेत लोटण्यास गिजुभाईंचे मन तयार होईना.

या सुमारास गुजरातेतील वसो या गावचे शिक्षणप्रेमी मोतीभाई अमीन यांनी त्यांना एक नवी वाट दाखवली. इटलीची राजधानी रोम येथे डॉ. मारिया माँटेसरी या विदुषीने १९०७ साली गरीब वस्तीतील लहान मुलांसाठी एक बालगृह उघडले होते. या बाई व्यवसायाने डॉक्टर. त्यांनी मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि जगापुढे एक नवा विचार मांडला. मूल आपल्या हातांनी काम करता करता, आपल्या गतीने शिकते; त्याला बक्षिसाचे आमिष नको आणि शिक्षेचा धाकही नको, असा तो विचार होता. माँटेसरीबाईंच्या पद्धतीची माहिती वाचताना गिजुभाई इतके रंगून गेले, की न्यायालयातील कागदपत्रे त्यांना नीरस वाटू लागली. प्रथम त्यांनी घरीच नरेंद्राचे खेळणे, बोलणे, पडणे, उठणे नव्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली. वाढत्या मुलाकडे असे पाहता पाहता हा पिता स्वतःच विद्यार्थी झाला.

भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी १९१० साली स्थापन केलेली ‘दक्षिणामूर्ती’ नावाची शिक्षणसंस्था होती. १९१६ साली गिजुभाईंनी चालती वकिली सोडली आणि ते या संस्थेत दाखल झाले. हातचे उत्पन्न सोडून शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनावर संसार करणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे. प्रारंभी त्यांच्याकडे मोठ्या विद्यार्थ्यांचे काम होते. या मुलांना शिकवताना त्यांना एक गोष्ट कळून चुकली. भित्रेपणा, खोटे बोलण्याची सवय, अंगचा आळस ही सारी मोठेपणी एकाएकी उगवत नाहीत. त्यांची मुळे अगदी कोवळ्या वयात रुजलेली असतात. झाड वाकडे वाढल्यावर त्याला सरळ करू जाणे कठीण. काळजी घ्यावयाची ती रोपाची. म्हणून १९२० साली त्यांनी संस्थेत अगदी लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. पुढे शहरातील तख्तेश्वराच्या टेकडीवर या बालमंदिराला स्वतःची वास्तू मिळाली.

मंदिर म्हटले, की तेथे देव हवा. गिजुभाईंच्या मंदिरातील देव म्हणजे तेथे येणारी बालके होती. या देवांची पूजाही निराळीच होती. छडी नाही, दरडावणे नाही, पहिला नंबर नाही आणि शेवटचाही नाही. कोणी झाडांना पाणी घालीत असे, कोणी केरसुणी घेऊन अंगण झाडीत असे, कोणी सदऱ्याची गुंडी लावण्याचा सराव करी. हात धुणे, नखे व केस स्वच्छ ठेवणे, आपली वस्तू आपणच जागेवर ठेवणे ही कामे येथे अभ्यासाइतकीच महत्त्वाची मानली जात. माँटेसरीबाईंच्या साधनांना गिजुभाईंनी आपल्याकडील लोकगीते, लोककथा, नाटुकली आणि खेळ यांची जोड दिली. गिजुभाई गोष्ट सांगू लागले, म्हणजे मुले देहभान विसरत. गोष्टीतील राजा, चिमणी, उंदीर, म्हातारी सारी त्यांच्या आवाजातून जिवंत होत. मुलांना गोष्टी हव्यात, हे जाणून त्यांनी त्या गोळा केल्या, लिहिल्या आणि गोष्ट कशी सांगावी याचे एक शास्त्रच पुस्तकरूपाने मांडले.

मुले नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत, असे पाहणाऱ्याला प्रथम वाटावे हे स्वाभाविक होते. पण गुंडी स्वतः लावणाऱ्या मुलाच्या बोटांना वळण लागते आणि आपल्याला काही येते हा विश्वास त्याच्या मनात जागतो. उद्या लेखणी धरावयाची ती याच बोटांनी आणि याच विश्वासाने. शरीराची वाढ आणि मनाची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हे गिजुभाईंनी असे प्रत्यक्ष दाखवून दिले.

तथापि, बालमंदिरात मूल काही तासच राहते. उरलेला सारा वेळ ते घरी असते, हे गिजुभाई विसरले नाहीत. बालमंदिरात फुललेले मूल घरी एका थपडीने कोमेजून जाई. मग त्यांनी आपले लक्ष आईबापांकडे वळवले. पालकांशी बोलून, लेख व पुस्तके लिहून ते त्यांना रोजच्या वागण्यातील लहान लहान गोष्टी समजावून देऊ लागले. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच असे आहे, की आईबाप होणे ही कठीण गोष्ट आहे, असा त्याचा अर्थ होतो. दुसऱ्या एका पुस्तकात घराघरांत रोज घडणारे छोटे छोटे प्रसंग त्यांनी रंगवले. मुलाला आपल्या हाताने काही करावयाचे असते आणि मोठ्यांना घाई असते. मुलाला प्रश्न पडलेला असतो आणि मोठ्यांना उत्तर देण्याचा कंटाळा असतो. त्यातून ओरडणे, रडणे आणि डोकेफोड सुरू होते. हे प्रसंग वाचताना कितीतरी आईबापांना आपण आरशात पाहत आहोत असे वाटले असेल.

गिजुभाईंचे सांगणे साधे होते. मुलाला मारू नये आणि भुताखेतांची भीती दाखवू नये. कारण भ्यालेले मूल आज्ञा पाळते, पण आतून खचते आणि पुढे मार चुकवण्यासाठी खोटे बोलण्यास शिकते. मुलाला आपल्या हाताने जेवू द्यावे, कपडे घालू द्यावे. प्रथम थोडे सांडेल, थोडा उशीर होईल, तो सोसावा. त्याला मोकळ्या हवेत खेळू द्यावे, स्वच्छ ठेवावे. ते काही विचारू लागले, तर हातातील काम क्षणभर बाजूस ठेवून त्याचे बोलणे ऐकावे. एका भावाला शहाणा आणि दुसऱ्याला मूर्ख म्हणून त्यांची तुलना करू नये. या गोष्टींना पैसा लागत नाही. श्रीमंताच्या वाड्यात आणि गरिबाच्या झोपडीत त्या सारख्याच करता येतात. त्यांना लागतो तो धीर. आणि तो आईबापांनी रोज थोडाथोडा कमवावयाचा असतो. मुलाला वळण लावण्याआधी मोठ्यांनी स्वतःला वळण लावले पाहिजे, हे गिजुभाईंच्या शिकवणुकीचे सार होते.

या कार्यात त्यांना एक मोलाची सहकारी लाभली. महाराष्ट्राच्या थोर शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला आल्या आणि गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली ‘नूतन बाल शिक्षण संघ’ स्थापन झाला. पालक व शिक्षक यांच्यासाठी ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघत होतेच. १९३३ पासून ताराबाईंनी ते मराठीतही काढले. अशा रीतीने भावनगरच्या टेकडीवरील विचार मराठी घरांत येऊन पोहोचला. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तकही पुढे अनेक भाषांत गेले. चौथीच्या वर्गात छडीवाचून, गोष्टी आणि खेळ यांच्या साहाय्याने शिकवू पाहणाऱ्या एका शिक्षकाची ती कल्पित कथा आहे. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक पुस्तके गिजुभाईंनी लिहिली.

१९३६ साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेचा निरोप घेतला. परंतु बालकांचा निरोप घेतला नाही. शिक्षक तयार करण्याचे काम त्यांनी पुढे चालूच ठेवले. अखंड श्रमांनी प्रकृती मात्र ढासळत गेली. २३ जून १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. ज्यांच्या विचाराने त्यांच्या जीवनाची दिशा बदलली, त्या माँटेसरीबाई त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात प्रथमच भारतात आल्या. भारतातील आपला हा थोर चाहता तेव्हा या जगात राहिला नव्हता.

गिजुभाई गेले, पण त्यांनी लावलेले रोप वाढत राहिले. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ साली ते जवळच्या कोसबाड येथील आदिवासी मुलांपर्यंत नेले. अनुताई वाघ या त्यांच्या शिष्येने ते जन्मभर चालवले. जी मुले शाळेपर्यंत येऊ शकत नव्हती, त्यांच्या अंगणातच शाळा भरू लागली. तेथे मुलांना अंघोळ घालणे, त्यांची नखे कापणे, त्यांना गाणी शिकवणे येथूनच शिक्षणास प्रारंभ होई. एका वकिलाने आपल्या बाळासाठी सुरू केलेला शोध असा रानावनातील बाळांपर्यंत जाऊन पोहोचला.

बालमित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी धाकटी भावंडे असतील. ती तुमची वही ओढतात, एकच प्रश्न दहा वेळा विचारतात, चप्पल उलटी घालतात आणि तरीही ती आपणच घालणार असा हट्ट धरतात. अशा वेळी हात उगारणे सोपे असते. क्षणभर थांबून, हसून, त्यांना पुन्हा प्रयत्न करू देणे कठीण असते. गिजुभाईंनी ते कठीण काम आयुष्यभर केले, म्हणूनच मिशा असूनही ते आई ठरले. असे आईपण लाभण्यास मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही. घरातील धाकट्या भावंडाची चुकीची लागलेली गुंडी त्याचे त्याला पुन्हा लावू देण्याइतका धीर आपल्यापाशी असला, की त्याचा आरंभ झाला.