शेवटची प्लेट आणि काळं आकाश : ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट

समोर डोंगर मस्त दिसत असतो, पण फोटोत मागचं आकाश पांढरंफटक येतं आणि डोंगराची सगळी मजा जाते. तुमचंही असं झालंच असेल. जगप्रसिद्ध फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सलाही याच अडचणीने गाठलं होतं.

ॲडम्स १९०२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. त्याला व्हायचं होतं पियानोवादक! १९१६ साली घरच्यांसोबत तो योसेमिटीला गेला, हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा आला आणि मग दरवर्षी पावलं तिकडेच वळू लागली.

१० एप्रिल १९२७. योसेमिटीतल्या हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर तो बर्फातून चढत पोचला. सोबत मित्र होते आणि होणारी बायको व्हर्जिनियाही. कॅमेरा काचेच्या प्लेटवर चालणारा, म्हणजे पाठीवर चांगलंच ओझं. कड्यावर सावली होती. ऊन हवं तिथवर येईपर्यंत तो थांबला, पण तोवर दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिलीसाठी त्याने पिवळा फिल्टर लावला. फोटो काढताच लक्षात आलं, आकाश फिकट येणार, कड्याचा दरारा काही उतरणार नाही. आता एकच प्लेट. त्याने लाल फिल्टर चढवला.

लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्यामुळे कृष्णधवल फोटोत निळं आकाश जवळपास काळं दिसतं. सावल्यांवरही आकाशाचाच निळसर उजेड पडतो, म्हणून त्याही गडद होतात. बर्फ मात्र पांढराच राहतो. त्या काळ्या आकाशापुढे कडा असा काही उभा राहिला की हाच फोटो ॲडम्सची ओळख बनला.

१९४१ साली न्यू मेक्सिकोत तर वेळच नव्हता. हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला, मावळतीचं ऊन कब्रस्तानातल्या क्रुसांवर, आणि लाईट मीटर सापडेना! चंद्राची प्रखरता किती हे त्याला पाठ होतं. त्या आकड्यावरून हिशोब करून त्याने फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

एडिटिंगला फसवणूक म्हणणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचावं. त्या फोटोच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढगांच्या पुसट रेघा दिसतात. पुढे डार्करूममध्ये ॲडम्स ते आकाश गडद करत गेला. १९८४ साली त्याचं निधन झालं, तोवर त्या एका निगेटिव्हवरून त्याने हजाराहून जास्त प्रिंट काढल्या होत्या. नंतरच्या प्रिंटमध्ये चंद्रामागचं आकाश काळंभोर आहे.