बर्फातून आणलेली चित्रे

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा एक लहानसा पत्रा जपून ठेवलेला आहे. त्यावर चरे आहेत, डाग आहेत, बराच भाग पुसट झाला आहे. तरीही नीट पाहिले की झाडांच्या कडेने उभारलेले चार उंच तंबू दिसू लागतात आणि मग त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या दोन माणसांच्या आकृती. शायान जमातीची ही वस्ती. १८५३ च्या नोव्हेंबरात, आजच्या कोलोरॅडो राज्यात, आर्कान्सा नदीकाठी बिग टिंबर्स या ठिकाणी हे चित्र घेतले गेले. ज्याने ते घेतले त्याने त्या हिवाळ्यात रॉकी पर्वत ओलांडताना अशी पुष्कळ चित्रे घेतली होती. त्यातले हे एवढे एकच उरले.

त्या माणसाचे नाव सॉलोमन नुनेस कार्व्हालो. हे आडनाव गोव्याकडच्या वाचकाला मुळीच परके वाटणार नाही, कारण ते पोर्तुगीजच आहे. कार्व्हालोचे पूर्वज पोर्तुगालमधले ज्यू होते. ज्या राजवटीने गोव्यात इन्क्विझिशन आणले, तिच्याच धर्मछळामुळे पोर्तुगालमधल्या ज्यूंची जगभर पांगापांग झाली. त्यातल्या एका घराण्याची शाखा अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर चार्ल्स्टन येथे स्थिरावली आणि तिथे १८१५ साली सॉलोमन जन्मला. वडील डेव्हिड हे सुधारक विचारांचे. उपासना लोकांना समजेल अशी व्हावी म्हणून १८२५ च्या सुमारास चार्ल्स्टनमध्ये जी ज्यू सुधारक मंडळी एकत्र आली, त्यांत ते होते. धर्म सोडायचा नाही, पण काळाकडे पाठही फिरवायची नाही, हा घरचा संस्कार मुलाला जन्मभर पुरला.

सॉलोमन आधी चित्रकार होता. १८३८ मध्ये चार्ल्स्टनला भीषण आग लागली आणि त्यात बेथ एलोहीम हे तिथले जुने सिनेगॉग भस्मसात झाले. लहानपणापासून पाहिलेली ती वास्तू तेवीस वर्षांच्या सॉलोमनने केवळ आठवणीतून रंगवली. खांब, सज्जे, मधले व्यासपीठ, सारे काही. तिथल्या मंडळींनी त्याबद्दल त्याला पन्नास डॉलर दिले. ते चित्र आजही त्या उपासनामंडळाकडे आहे आणि जळालेली वास्तू आतून कशी होती हे आज त्या चित्रावरूनच कळते. जे नाहीसे झाले ते चित्रात धरून ठेवायचे, हे काम असे अगदी तरुणपणीच त्याच्या वाट्याला आले.

पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, पॅरिसहून डॅगेरच्या शोधाची बातमी जगभर पसरली. प्रकाशच चित्र काढू लागल्यावर हाताने व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांचे धाबे दणाणले. कार्व्हालोने मात्र हे नवे तंत्र शिकून घेतले. या धंद्याला ना कुळाची अट होती ना संघटनेच्या शिक्क्याची; थोडे भांडवल, थोडे रसायन आणि पुष्कळ चिकाटी पुरत असे. त्यामुळे त्या काळात अमेरिकेतली अनेक ज्यू कुटुंबे यात शिरली. बाल्टिमोरचे बेंडान बंधू हे त्यांतले एक नावाजलेले नाव. कार्व्हालोने बाल्टिमोर, चार्ल्स्टन आणि न्यूयॉर्क येथे व्यवसाय केला. १८४५ मध्ये त्याचे सारा सोलिसशी लग्न झाले, मुले झाली. सुखवस्तू शहरी कलावंताचे आयुष्य त्याच्यासमोर सरळ आखलेले होते.

ते आयुष्य १८५३ च्या ऑगस्टमध्ये एका भेटीने मोडले. जॉन फ्रेमाँट हा त्या वेळी अमेरिकेचा लाडका वीर होता. पश्चिमेच्या वाटा शोधणारा म्हणून त्याची ख्याती होती. पण १८४८-४९ च्या हिवाळ्यातल्या त्याच्या मोहिमेत दहा माणसे बर्फात मेली होती आणि त्या ख्यातीवर डाग पडला होता. आता अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत रेल्वे न्यायची होती आणि सरकारने मार्ग पाहण्याचे काम दुसऱ्यांना दिले होते. फ्रेमाँटने ठरवले, आपल्या खर्चाने जायचे, तेही ऐन हिवाळ्यात, आणि अडतिसाव्या अक्षांशाच्या आसपासची वाट बारा महिने चालू राहू शकते हे सिद्ध करायचे. पुरावा म्हणून छायाचित्रे हवीत. १८४२ मध्ये त्याने स्वतः हा प्रयोग करून पाहिला होता आणि तो फसला होता. म्हणून या खेपेस जाणकार माणूस हवा होता. त्याने कार्व्हालोला विचारले आणि कार्व्हालोने घरी पत्नीला न विचारता जागच्या जागी होकार दिला. या गृहस्थाने तोवर घोड्यावर खोगीरसुद्धा कसले नव्हते.

डॅगेरोटाइप म्हणजे काय खटाटोप होता हे आज ध्यानात येणे कठीण आहे. चांदीचा मुलामा असलेला पत्रा आरशासारखा लखलखेपर्यंत घासायचा, अंधारात आयोडीन आणि ब्रोमीनच्या वाफांवर धरायचा, कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा, मग तापवलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरून चित्र उमटवायचे आणि शेवटी रसायनाने धुऊन पक्के करायचे. याची दुसरी प्रत निघत नाही. प्रत्येक पत्रा एकुलता एक. हे सगळे कडाक्याच्या थंडीत, खेचराच्या पाठीवरून पेट्या उतरवून करायचे होते. न्यूयॉर्कमधल्या व्यवसायबंधूंनी सांगितले होते की गोठणबिंदूखाली हे होणारच नाही. शिवाय वेस्टपोर्टला, म्हणजे आजच्या कॅन्सस सिटीजवळ, मोहीम निघता निघता फ्रेमाँटने आणखी एक छायाचित्रकार आणला होता. त्याची पद्धत मेणाच्या कागदाची. दोघांची परीक्षा झाली. कार्व्हालोचे चित्र अर्ध्या तासात हातात आले. दुसऱ्याच्या कागदाला धुण्यासाठी रात्रभर पाणी हवे होते. तो तिथूनच परत गेला.

बिग टिंबर्सला विल्यम बेंट या व्यापाऱ्याचे ठाणे होते आणि जवळच शायानांची वस्ती. तिथे कार्व्हालोने तंबूंची आणि माणसांची चित्रे घेतली. लोक आधी बिचकले, मग कुतूहलाने जवळ आले. एका सरदारकन्येच्या हातातली पितळी कडी घेऊन त्याने त्यांवर पारा चोळला. ती चांदीसारखी चमकू लागताच सगळ्यांना हा जादूगार वाटला. पुढच्या हालअपेष्टा अजून दूर होत्या.

डिसेंबरात तांडा कोचेटोपा खिंडीतून पलीकडे उतरला. एका उंच शिखरावर कार्व्हालो फ्रेमाँटबरोबर कंबरभर बर्फ तुडवत चढला आणि तिथून चहूकडच्या पर्वतरांगांची चित्रे घेतली. एकेका चित्राला तास-दोन तास लागत. बाकीची मंडळी पुढे निघून जात आणि सामान पुन्हा बांधून त्याला त्यांना गाठावे लागे. बोटे बधिर झालेली असत, पण पत्रा घासताना हात सैल पडून चालत नसे. जे होणार नाही असे तज्ज्ञ म्हणाले होते, ते त्याने शून्याखालच्या थंडीत करून दाखवले.

मग शिधा संपला. १८५४ च्या पहिल्या दिवशी कार्व्हालोने जपून ठेवलेली अंड्यांची आणि दुधाची भुकटी बर्फाच्या पाण्यात शिजवून सगळ्यांना गोड खाऊ घातले. गोडाचा घास तो तेवढाच. घोडे आणि खेचरे थकून पडू लागली तशी मारून खाल्ली जाऊ लागली. धर्माने निषिद्ध असलेले हे मांस कार्व्हालोच्या घशाखाली उतरेना. इतर लोक साळिंदर आनंदाने भाजून खात होते तेव्हा डुकराच्या मांसाची आठवण येऊन तो उपाशी राहिला. घोड्याचे मांस मात्र पुढे खावेच लागले. या मोहिमेतला सर्वांत गंभीर क्षण आला तो फ्रेमाँटने सगळ्यांना गोळा केले तेव्हा. कितीही भूक लागली तरी माणसाने माणसाला खायचे नाही, अशी शपथ त्याने प्रत्येकाकडून घेतली. आधीच्या मोहिमेबद्दल जे बोलले जात होते ते सगळ्यांच्या कानावर होतेच.

ओझे हलके करण्यासाठी जड सामान बर्फात पुरून टाकले गेले. त्यात कार्व्हालोचा कॅमेरा आणि पेट्याही गेल्या. तयार झालेले पत्रे मात्र पुढे नेले. आता तो छायाचित्रकार उरला नव्हता. पाय ओढत चालणारा एक माणूस होता. एकदा तो सर्वांच्या मागे पडला आणि बर्फात बसला. उठायचे त्राण नव्हते. शेवटचे पाहावे म्हणून त्याने खिशातून बायको-मुलांची छोटी चित्रे काढली. ती पाहून तो उठला आणि रात्री उशिरा तळावर पोचला. जो दुसऱ्यांच्या घरी आठवणी जपण्यासाठी चित्रे करून देत होता, त्याला चित्राने मरणातून परत आणले, हे कोणी कथेत लिहिले असते तर अतिशयोक्त वाटले असते.

८ फेब्रुवारी १८५४ रोजी उताहमधल्या पॅरोवन या मॉर्मन गावी ही माणसे पोचली. ऑलिव्हर फुलर हा सोबती अगदी शेवटच्या टप्प्यात दगावला होता. कार्व्हालोचा अवतार असा झाला होता की गावकऱ्यांना तो इंडियनच वाटला. ज्या घरात त्याला आसरा मिळाला तिथली लहान मुले पाहताच तो तोंड झाकून रडला.

फ्रेमाँट पुढे कॅलिफोर्नियाला निघून गेला. प्रकृती ढासळलेला कार्व्हालो मागे राहिला आणि सॉल्ट लेक सिटीला गेला. तिथे त्याने पुन्हा कुंचला धरला. मॉर्मनांचा पुढारी ब्रिगहॅम यंग याच्याशी त्याची ओळख झाली. यंग आणि यूट जमातीचा सरदार वाकारा यांच्यातल्या तहाच्या बैठकीला तो हजर होता आणि त्याने काढलेले वाकाराचे व्यक्तिचित्र आज टल्साच्या गिलक्रीज संग्रहालयात आहे. मॉर्मनांच्या आदरातिथ्याबद्दल तो कृतज्ञ होता. त्यांचे बहुपत्नीत्व मात्र त्याला पटले नाही आणि ते त्याने लपवलेही नाही. उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिसला पोचला. तिथल्या मूठभर ज्यूंना एकत्र आणून १८५४ मध्ये हिब्रू बेनेव्होलंट सोसायटी उभी करण्यात त्याचा हात होता. त्या शहरातली ही पहिली धर्मादाय संस्था. आज ती वेगळ्या नावाने चालू आहे.

आणि ती चित्रे? ती कार्व्हालोची नव्हतीच. मोहीम फ्रेमाँटची, खर्च फ्रेमाँटचा, म्हणून पत्रेही फ्रेमाँटचे. १८५५-५६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये मॅथ्यू ब्रेडी या प्रसिद्ध छायाचित्रकाराकडून त्यांच्या कागदावर प्रती करवल्या गेल्या, त्यावरून चित्रकारांनी चित्रे केली. मोठा अहवाल निघणार होता. पण १८५६ मध्ये फ्रेमाँट रिपब्लिकन पक्षाचा पहिला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला आणि अहवाल बाजूला पडला. निवडणूक तो हरला. अहवाल पुढेही निघाला नाही. १८८७ मध्ये त्याच्या आठवणींचा पहिला खंड निघाला, त्यात या चित्रांवरून केलेली काही रेखाटने आली. दुसरा खंड आलाच नाही. मूळ पत्रे १८८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गोदामाला लागलेल्या आगीत नष्ट झाले असे मानले जाते. बिग टिंबर्सचा पत्रा ब्रेडीच्या संग्रहात राहिला होता, म्हणून तेवढा वाचला.

रेल्वेही त्या वाटेने गेली नाही. १८६९ मध्ये पूर्व आणि पश्चिम जोडणारा लोहमार्ग पुरा झाला तो बराच उत्तरेकडून. म्हणजे ज्या पुराव्यासाठी एवढा जीव धोक्यात घातला, त्या पुराव्याचा खटला कधी उभाच राहिला नाही.

कार्व्हालोकडे स्वतःचे म्हणावे असे एवढेच उरले होते: वाटेत पत्नीला लिहिलेली पत्रे. फ्रेमाँटने कोणालाही रोजनिशी ठेवू दिली नव्हती, पण घरी पत्र लिहायला बंदी नव्हती. त्या पत्रांच्या आधारे त्याने प्रवासवर्णन लिहिले आणि ते निवडणुकीच्या धामधुमीत बाहेर आले. त्यात फ्रेमाँटची मनापासून स्तुती आहे; तक्रारीचा सूर नाही. या मोहिमेचा सविस्तर वृत्तांत म्हणून आजही त्याच पुस्तकाकडे वळावे लागते. सेनानीचा अहवाल कधी छापला गेला नाही आणि छायाचित्रकाराची घरगुती पत्रे इतिहास होऊन बसली.

पुढे मोतीबिंदूने त्याची दृष्टी मंदावली आणि चित्रकला सुटली. तो न्यूयॉर्कला राहिला, वाफेच्या यंत्रणेत सुधारणा शोधून काढल्या, त्यांची पेटंट घेतली, विश्वाच्या उत्पत्तीवर लेखन केले. १८९७ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा डेव्हिड हा हस्ताक्षर आणि शाई यांचा नामांकित तज्ज्ञ झाला. पुसट झालेल्या खुणा वाचण्याचा वारसा असा वेगळ्या वाटेने पुढे गेला.

१९९० च्या दशकात रॉबर्ट श्लेअर या अमेरिकन छायाचित्रकाराने जुन्याच पद्धतीचे पत्रे घासून कार्व्हालोच्या वाटेने प्रवास केला आणि त्याच जागा पुन्हा टिपल्या. २००० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पर्वत अजून तिथेच आहेत, त्यामुळे पर्वतांची चित्रे पुन्हा घेता आली. माणसांची घेता येत नाहीत. बिग टिंबर्सच्या चित्रानंतर अकरा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १८६४ रोजी, त्याच मुलुखात सँड क्रीकच्या काठी शायान आणि अरापाहो लोकांच्या बेसावध वस्तीवर अमेरिकन सैनिकांनी हल्ला केला. सुमारे २३० माणसे मारली गेली, त्यात बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी. व्यापारी बेंटचे शायान पत्नीपासून झालेले मुलगेही त्या वेळी त्या वस्तीत होते.

फ्रेमाँटला चित्रे हवी होती ती खिंडींची, उतारांची, रुळांसाठी मोकळ्या वाटणाऱ्या जमिनीची. ती सगळी जळाली. जे उरले ते सांगते की ती जमीन मोकळी नव्हती. तिथे चार तंबू होते आणि त्यांच्याजवळ दोन माणसे उभी होती.