पुसलेली पहिली काच

छंद म्हणून छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याच्या पदरी आरंभी बहुधा निराशाच येते. डोळ्यांना जे सुंदर दिसले, ते चित्रात उतरतच नाही. कधी चेहरा काळवंडतो, कधी हात हलतो, कधी सारे चित्रच धूसर येते. मग हे आपले काम नव्हे, असे वाटून कॅमेरा कपाटात जातो. शिकणाऱ्याचे वय वाढलेले असेल, तर ही भावना अधिकच बळावते. एकोणिसाव्या शतकात एका स्त्रीने वयाच्या ४८ व्या वर्षी प्रथम कॅमेरा हाती घेतला आणि आपले पहिलेच चित्र स्वतःच्या हाताने पुसून टाकले. पुढे तिची गणना जगातील श्रेष्ठ छायाचित्रकारांत झाली. त्या स्त्रीचे नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. त्यांचा जन्म आपल्या देशात झाला होता. त्यांची ही जीवनकथा आता आपण वाचूया.

कॅमेऱ्यापूर्वीचे आयुष्य

ज्युलिया यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत अधिकारी होते; आई फ्रेंच कुळातील होती. ज्युलिया यांचे शिक्षण मुख्यतः फ्रान्समध्ये झाले. १८३४ मध्ये त्या भारतात परतल्या. पुढे प्रकृती सुधारावी म्हणून त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होप येथे, काही काळ राहिल्या. तेथे १८३६ मध्ये दोन व्यक्तींशी त्यांचा परिचय झाला आणि त्या दोघांनी त्यांच्या आयुष्याला वळण दिले.

पहिले, चार्ल्स हे कॅमेरॉन. हे कायदेपंडित ज्युलिया यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते. १८३८ मध्ये कलकत्त्यात दोघांचा विवाह झाला. दुसरे, सर जॉन हर्शेल हे थोर खगोलशास्त्रज्ञ. छायाचित्रणाची कला त्या सुमारास जन्म घेत होती. उमटलेले चित्र प्रकाशात पुन्हा काळे पडू नये, यासाठी आजही वापरले जाणारे ‘हायपो’ हे रसायन हर्शेल यांच्याच संशोधनातून या कलेला मिळाले. या नव्या शोधाची वार्ता आणि त्याचे काही नमुने त्यांनी ज्युलिया यांना कलकत्त्यास पाठवले. प्रकाशाने काढलेली ती चित्रे पाहून ज्युलिया थक्क झाल्या.

पण आवड निर्माण होणे आणि ती जोपासण्याची संधी मिळणे, यांत अनेकदा मोठे अंतर असते. मधली वीस वर्षे संसारात गेली. पाच मुलगे आणि एक मुलगी यांचे संगोपन, नातलगांची मुले, पाहुण्यांची वर्दळ यांत ज्युलिया गुंतून गेल्या. १८४८ मध्ये पती निवृत्त झाल्यावर कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावरील फ्रेशवॉटर गावी स्थायिक झाले. प्रसिद्ध कवी टेनिसन तेथे त्यांचे शेजारी होते. या काळात ज्युलिया इतरांनी काढलेली छायाचित्रे जमवत, त्यांचे संग्रह करून आप्तांना भेट देत. स्वतः कॅमेरा हाताळण्यापूर्वीच त्यांची नजर अशी तयार होत होती.

मुले मोठी झाली, मुलीचे लग्न झाले. पती सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, कॉफीच्या मळ्यांची पाहणी करण्यासाठी दूर गेले. एके काळी गजबजलेले घर शांत झाले. आईचा एकटेपणा थोडा दूर व्हावा, या हेतूने मुलीने आणि जावयाने १८६३ च्या नाताळात त्यांना एक भेट दिली. ती भेट म्हणजे लाकडी पेटीचा एक मोठा कॅमेरा.

कोळशाची कोठी आणि कोंबड्यांचे खुराडे

आज बोट टेकवताच चित्र मिळते. त्या काळची रीत मात्र फार कष्टाची होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडिअन नावाचे चिकट द्रावण ओतायचे आणि काच अशी कलती करायची, की द्रावणाचा थर सर्वत्र सारखा पसरावा. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. त्यामुळे तिच्यावर प्रकाशाचा परिणाम होऊ लागे. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात परत नेऊन रसायनांनी प्रतिमा उमटवायची. थर वाळला, की सारे श्रम वाया. धुळीचा एक कण किंवा बोटाचा एक ठसा चित्र बिघडवण्यास पुरेसा होता. शिवाय समोर बसलेल्या माणसाला कित्येकदा तीन ते सात मिनिटे निश्चल बसावे लागे.

हे सारे शिकवण्यासाठी ज्युलिया यांच्याजवळ कोणी गुरू नव्हता. कॅमेरा कोठे ठेवावा, माणसाला कोठे बसवावे, भिंग किती फिरवावे, यांतले काहीच त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी घरातील कोळशाची कोठी रिकामी करवून तिची अंधारखोली केली. कोंबड्यांचे काचेचे खुराडे होते, त्यातील कोंबड्या मोकळ्या सोडल्या आणि तेथे चित्र घेण्याची जागा तयार केली. ज्या जागेतून अंडी मिळत, त्याच जागेत पुढे कवी, चित्रकार आणि विद्वान येऊन बसू लागले.

पहिल्या चित्रासाठी त्यांनी गावातील एका शेतकऱ्याला तासाचे पैसे देऊन बसवले. प्रतिमा उमटली. आनंदाच्या भरात ज्युलिया यांनी काच उचलली, आणि त्यांचा हात नेमका ओल्या थरावरून फिरला. क्षणार्धात चित्र पुसले गेले. पैसे, रसायने आणि सारी मेहनत व्यर्थ गेली.

पुढचे प्रयत्नही सुखाचे नव्हते. एकदा त्यांनी दोन मुलांना एकत्र बसवले होते. चित्र पूर्ण होत आले असता त्यांतील एकाला हसू आवरले नाही आणि ती काचही वाया गेली. येथे ज्युलिया यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी काम सोडले नाही, आणि जसेच्या तसे पुन्हाही केले नाही. दोन मुलांना स्थिर बसवणे अवघड जाते, हे ध्यानी घेऊन त्यांनी एकाच मुलीला बसवले आणि आपली किती मेहनत व किती रसायने पणाला लागली आहेत, हे तिला समजावून सांगितले. अवघड कामातील एक अडचण त्यांनी कमी केली.

जानेवारी १८६४ मध्ये अ‍ॅनी फिलपॉट नावाच्या लहान मुलीचे चित्र त्यांना मनासारखे साधले. विस्कटलेले केस, गळ्यापर्यंत बटणे लावलेला कोट आणि किंचित बाजूला वळलेली शांत मुद्रा, एवढेच त्या चित्रात आहे. पण ते पाहून ज्युलिया यांना इतका हर्ष झाला, की त्या मुलीला काय भेट द्यावी, हे शोधत त्या घरभर धावल्या. जणू ते चित्र त्या मुलीनेच घडवले होते! हेच आपले पहिले यश, असे त्यांनी त्या चित्राविषयी लिहून ठेवले. त्यापूर्वीच्या अपयशाचाही उल्लेख त्यांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने केला, लपवला नाही.

या छंदाची झळ घरालाही बसली. ओल्या काचा घेऊन त्या थेट जेवणघरात धावत आणि सिल्व्हर नायट्रेटचे न निघणारे काळे डाग टेबलावरच्या वस्त्रांवर पडत. त्यांचे हातही काळे झालेले असत. परंतु सिलोनहून परतलेले वृद्ध पती प्रत्येक नवे चित्र कौतुकाने पाहत. शिकणाऱ्याला घरातून मिळालेला असा आधार किती मोलाचा असतो, हे येथे दिसून येते.

धूसरपणाचा वाद

१८६४ मध्येच त्या लंडनच्या छायाचित्रण संस्थेच्या सभासद झाल्या आणि प्रदर्शनांत चित्रे पाठवू लागल्या. तेथे त्यांच्यावर कडक टीका झाली. चित्रे धूसर आहेत, काचांवर डाग आणि ओघळ आहेत, या बाईंना तंत्र अवगत नाही, असे जाणकारांचे मत पडले.

ही टीका सर्वस्वी खोटी नव्हती. काचांवर डाग खरोखरच होते. पुढे १८६९ मध्ये त्यांच्या कित्येक मौल्यवान काचांवरील थराला तडे गेले, तेव्हा त्यांनी संकोच न करता संस्थेतील तज्ज्ञांकडे उपाय विचारला. मात्र धूसरपणाची गोष्ट वेगळी होती. भिंग फिरवताना चेहरा एका क्षणी विलक्षण सुंदर दिसे. रेषा अधिक स्पष्ट करण्यासाठी भिंग आणखी फिरवण्याऐवजी त्या तेथेच थांबत. आरंभी हे केवळ योगायोगाने घडले होते, हे त्यांनीच मान्य केले आहे. पण त्यात काही सौंदर्य आहे, हे त्यांच्या नजरेने ओळखले. जो दोष होता, तो विचारपूर्वक स्वीकारल्यावर त्यांची शैली बनला. कोणती चूक सुधारायची आणि कोणती आपली म्हणून जपायची, हा विवेक त्यांना हळूहळू साधला.

१८६५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांना कांस्यपदक मिळाले, तर पुढच्याच वर्षी सुवर्णपदक. १८६५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. तेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय होय. १८६८ मध्ये त्याच संग्रहालयाने त्यांना काम करण्यासाठी दोन खोल्या दिल्या. टेनिसन, कार्लाइल आणि डार्विन यांची त्यांनी काढलेली चित्रे आजही त्या थोर पुरुषांची ओळख करून देतात. १८६७ मध्ये त्यांनी आपले जुने स्नेही हर्शेल यांचे चित्र काढले. अंधारातून उजळून आलेला तो वृद्ध चेहरा आणि त्याभोवतीचे पांढरे केस पाहणाऱ्याच्या मनातून जात नाहीत. ज्यांनी या कलेची पहिली ओळख करून दिली, त्यांच्या ऋणाची ही सुंदर परतफेड होती.

अखेरची वर्षे

१८७३ मध्ये, कॅमेरा भेट देणारी त्यांची मुलगी मृत्यू पावली. या दुःखानंतर, १८७४ मध्ये, ज्युलिया यांनी आपल्या काचघराच्या आठवणी लिहावयास घेतल्या; त्या अपुऱ्याच राहिल्या. १८७५ मध्ये त्या पतीसह सिलोनला गेल्या. तेथे चित्रे थोडीच काढता आली. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच त्यांचे निधन झाले. छायाचित्रणासाठी त्यांना जेमतेम पंधरा वर्षे मिळाली. पण तेवढ्यात त्यांनी काढलेली शेकडो चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत.

ती पहिली, पुसली गेलेली काच मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही. तरीही ज्युलिया यांचे खरे शिक्षण तिच्यापासूनच सुरू झाले. ओल्या थराला हात लावू नये, हे त्या काचेने त्यांना असे शिकवले, की ते पुन्हा शिकावे लागले नाही. कोणतीही विद्या नव्याने शिकताना आपल्याही वाट्याला अशी एखादी काच येते. ती हातून बिघडली, तर दुसरी काच घ्यावी.